बंद व्यापाऱ्यांचा, पोरं आमची?

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावातल्या व्यापारी संघटनेचे दोन पदाधिकारी बुद्धविहारात आले. बसले, चहा घेतला. (विहारातला चहा त्यांच्यापैकी कुणी घेतल्याचे आमच्या माहितीतले हे पहिलेच उदाहरण, म्हणून नोंदवून ठेवतो.) विषय असा होता की आठवडी बाजाराच्या मैदानाला लागून एका मोठ्या कंपनीचे भव्य दुकान येत आहे. किराणा, कपडे, भांडी, भाजीपाला, सगळे एका छताखाली. त्याविरुद्ध बाजारपेठ बंद ठेवायची आणि नगरपरिषदेवर मोर्चा न्यायचा. "स्थानिकांच्या पोटाचा प्रश्न आहे, तुमच्या पोरांची ताकद पाहिजे," असे ते म्हणाले.

आमच्यातले कुणी काही बोलण्याआधी मागे बसलेली एक मावशी बोलली. ती गेली तीस वर्षे बाजारात सुकट-बोंबील विकते. तिने एवढेच विचारले, "साहेब, मागच्या दिवाळीच्या आधी आमची पालं उठवा म्हणून नगरपालिकेत अर्ज कुणी दिला होता?"

अर्ज याच संघटनेने दिला होता. दुकानांसमोर बसणाऱ्या पथारीवाल्यांमुळे गिऱ्हाइकाला गाडी लावता येत नाही, गावाला बकाल रूप येते, असे त्यात लिहिले होते. अर्जावर सही करणाऱ्यांपैकी एकजण त्या दिवशी विहारात चहा पीत होता. मावशीच्या प्रश्नाला उत्तर आले नाही. "ते जुनं झालं, आता सगळ्यांनी एक व्हायची वेळ आहे," एवढे मात्र आले.

त्या रात्री आमच्यात जो वाद झाला, तो इतर गावांतल्या कार्यकर्त्यांनाही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे लिहितो आहोत. कारण अशी मोठी दुकाने आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली आहेत आणि असे चहा पिणारे पाहुणे उद्या तुमच्याही विहारात येणार आहेत.

आमच्यातली तरुण पोरं सरळ म्हणाली, येऊ द्या मॉल, आपल्याला काय? त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मोठ्या दुकानात तुम्ही स्वतः हाताने वस्तू उचलता, टोपलीत टाकता, छापील किमतीला पैसे देता. आडनाव कुणी विचारत नाही. हे ज्याला क्षुल्लक वाटते त्याने आपल्या आजीला विचारावे. दुकानाच्या ओट्याखाली उभे राहायचे, वाण्याने वरून पुडी टाकायची, ती पदरात झेलायची, पैसे उंबऱ्यावर ठेवायचे आणि त्याने त्यावर पाणी शिंपडून ते उचलायचे. ही गोष्ट पुराणातली नाही, आमच्या घरातल्या जिवंत माणसांनी हे सोसले आहे.

आणि पुडी वरून का होईना, मिळाली तर मिळाली. महारवाड्याने जरा मान वर केली की गावचा पहिला उपाय म्हणजे दुकान बंद. मुंबई इलाख्यात अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी 1928 साली स्टार्ट समिती नेमली गेली. बाबासाहेब तिचे सभासद होते. 1930 च्या तिच्या अहवालात गावच्या वाण्याने जीवनावश्यक जिन्नस देणे बंद केल्याच्या उदाहरणांची नोंद आहे. बाबासाहेबांनी ही नोंद गोलमेज परिषदेपर्यंत नेली आणि बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला 2016 साल उजाडले. म्हणजे वाण्याचे दुकान ही आमच्यासाठी नुसती खरेदीची जागा कधीच नव्हती. आमचा गळा आवळायचे हत्यार त्या गल्ल्याच्या मागे असायचे. तेव्हा "आपलं जुनं किराणा दुकान, उधारी देणारा, नावाने ओळखणारा आपला शेठ" असे गहिवर घालणारे लेख वर्तमानपत्रात येतात, त्यावर आमचे डोळे पाणावत नाहीत. नावाने ओळखायचा हे खरे. जातीने ओळखायचा हे त्याहून खरे.

मालकी कुणाकडे आहे तेही पाहा. 2001 च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती 16.2 टक्के होत्या. 2005 च्या आर्थिक गणनेत देशातल्या एकूण उद्योगधंद्यांपैकी त्यांच्या मालकीचे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. आणि त्यात टपरी, हातगाडी, चांभाराची पेटी, घरातले शिलाई मशीन हे सगळे धरलेले. मुख्य बाजारपेठेत गाळा किती जणांचा? आमच्या गावात आम्ही मोजले. एका हाताची बोटेसुद्धा उरली.

इथवर पोरांचे बरोबर आहे. पण मॉल म्हणजे फक्त गिऱ्हाइकाची बाजू नव्हे. गल्ल्याला दुसरीही बाजू असते.

गिरणीचा इतिहास आठवा. गिरणीही आधुनिक होती, यंत्राला जात कळत नव्हती. तरी मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार आमच्या माणसांना बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून जास्त पगाराचे विणकाम त्यांचे आणि कमी पगाराची खाती आमची. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना कामगारांची एकजूट हवी होती. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की सगळी खाती आमच्या माणसांना खुली करण्याची मागणी तुमच्या यादीत आहे का? नसेल तर आमच्या कामगारांना आम्ही संपापासून दूर राहायला सांगू. तेव्हा नाइलाजाने ती मागणी यादीत गेली. पुढची गंमत अशी की मालकांपुढे ती ठेवली तेव्हा त्यांनी हात झटकले, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही म्हणाले. आणि त्या एका मुद्द्यापुरते मालक खरे बोलत होते.

आता कुठल्याही मोठ्या दुकानात जाऊन डोळे उघडे ठेवून पाहा. गल्ल्यावर कोण, संगणकासमोर कोण, मॅनेजरच्या काचेच्या खोलीत कोण? आणि फरशी पुसायला कोण, संडास धुवायला कोण, मागच्या गोडाऊनमध्ये पोती उतरवायला कोण, दारात टोपी घालून बारा तास उभे कोण? या मागच्या कामांना कंपनी हातही लावत नाही. ती कंत्राटदाराची माणसे. तक्रार घेऊन गेलात तर कंपनी म्हणणार, ते आमचे नाहीत. 1928 च्या मालकांचेच उत्तर, फक्त आता लेटरहेडवर. सरकारी नोकरीत आरक्षण आहे, ते कसे पोखरले जाते तो वेगळा विषय. या दुकानांत ते शून्य आहे. गिऱ्हाईक म्हणून तुमची जात न विचारणारे दुकान नोकर म्हणून तुम्हाला कुठल्या दाराने आत घेते, हे आमच्या पोरांनी पाहायचे ठेवले होते.

इथे एका विचाराशी आमचा जुना मतभेद आहे, तोही मांडतो. 2012 साली केंद्र सरकारने किरकोळ व्यापारात 51 टक्के परदेशी गुंतवणुकीला परवानगी दिली. किमान 10 कोटी डॉलर गुंतवणूक, दहा लाखांवर लोकसंख्येची शहरे, 30 टक्के खरेदी लहान उद्योगांकडून, अशा अटी होत्या. त्या काळात डिक्कीने, म्हणजे दलित उद्योजकांच्या संघटनेने, या धोरणाचे स्वागत केले. चंद्रभान प्रसादांसारखे विचारवंत तर आधीपासूनच मांडत होते की भांडवलशाही जातीला मोडते, म्हणून आपण तिचे स्वागत करावे. वाण्याच्या ओट्याचा इतिहास पाहता ही मांडणी कुठून येते ते आम्हाला समजते. पण हिशेब मागू. त्याच वर्षी केंद्राने सरकारी खरेदीत 4 टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घेण्याचे धोरण केले. सरकारला असे कलम लिहिता आले. मोठ्या दुकानांसाठी लिहिलेल्या 30 टक्क्यांत आपला वाटा किती हे कुठे लिहिले होते? कुठेच नाही. मालकाच्या मर्जीवर सोडलेला वाटा म्हणजे पदरात टाकलेली पुडी.

आणि विरोधकांचे ढोंग त्याहून मोठे. त्या वेळी देशभर व्यापाऱ्यांनी बंद केले, "विदेशी कंपनी चले जाव" म्हणाले. विदेशी मालकाची दुकाने फारशी आलीच नाहीत. पण देशी भांडवलदारांची गावोगाव आली, ती तर आधीपासूनच येत होती. पुढे 2018 साली वॉलमार्टने फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरला घेतला आणि मागच्या दाराने आत आली, तेव्हा स्वदेशीची आरोळी कुणाच्या घशात अडकली होती? राष्ट्रवादाने पोट भरत नाही. आमच्या मावशीचे पाल उठवणारा देशी होता.

राजकारणाचेही बोलू. मे 2007 मध्ये रांचीत भाजीवाले रिलायन्स फ्रेशच्या दुकानांवर चालून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तर प्रदेशात भाजीविक्रेत्यांचा असंतोष पेटला आणि मायावतींच्या सरकारने या साखळीची दुकाने बंद करायला लावली. देशातल्या सर्वात मोठ्या भांडवलदाराच्या शटरला एका दलित मुख्यमंत्र्याने कुलूप लावायला लावले, ही साधी गोष्ट नव्हती. पण डिसेंबर 2012 मध्ये परदेशी गुंतवणुकीवर संसदेत मतदान झाले तेव्हा बसपाने लोकसभेत सभात्याग केला आणि राज्यसभेत सरकारच्या बाजूने मत दिले. जातीयवादी पक्षांच्या सोबत जायचे नाही, हे कारण दिले गेले. कारण खोटे नसेल. पण भाजीवाल्याला त्या कारणातून काय मिळाले हा प्रश्न आपण आपल्या माणसांनाही विचारला पाहिजे, नाहीतर आपण भक्त झालो.

मग करायचे काय? बंदमध्ये जायचे की मॉलच्या उद्घाटनाला टाळ्या वाजवायच्या?

या कोंडीतून आपल्याआधी अमेरिकेतले काळे लोक गेले आहेत. पँथरच्या काळापासून आपण त्यांच्याकडे पाहत आलो, तर या बाबतीतही पाहू. लॉस एंजेलिसला लागून इंगलवूड नावाचे शहर आहे, वस्ती मुख्यतः काळ्या आणि लॅटिनो लोकांची. वॉलमार्टला तिथे प्रचंड दुकान बांधायचे होते. नगरपालिकेने अडवले, तर कंपनीने सह्या गोळा करून थेट लोकांचे मतदान लावले. ठराव असा की नेहमीची पर्यावरणाची तपासणी आणि जनसुनावणी टाळून बांधकामाला परवानगी मिळावी. नोकऱ्या येतील, स्वस्त माल येईल, असा प्रचार झाला. 6 एप्रिल 2004 ला मतदान झाले आणि सुमारे 60 टक्के लोकांनी ठराव फेटाळला. गरीब वस्तीला स्वस्त माल नको होता असे नाही. आमच्या वस्तीसाठी नियम का गुंडाळता, हा त्यांचा सवाल होता.

शिकागोची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि म्हणून जास्त शिकण्यासारखी. तिथल्या पश्चिम भागात ऑस्टिन नावाची काळ्यांची वस्ती. वर्षानुवर्षे कुणी तिथे दुकान टाकायला तयार नव्हते. वॉलमार्ट तयार झाली तेव्हा तिथल्या नगरसेविकेनेच दुकानाची बाजू घेतली. तिला गद्दार म्हणणे सोपे आहे. पण ज्या वस्तीवर बाजाराने बहिष्कार टाकला होता, त्या वस्तीने दुकान मागितले यात नवल ते काय? दुसरीकडे कामगार संघटना विरोधात उभ्या राहिल्या. यातून जुलै 2006 मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने एक ठराव केला. 90 हजार चौरस फुटांहून मोठे दुकान आणि वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त विक्री असलेली कंपनी असेल, तर 2010 पर्यंत कामगाराला तासाला किमान 10 डॉलर मजुरी आणि 3 डॉलरच्या सवलती द्याव्या लागतील. दुकान नको असे ठरावाने म्हटले नाही. यायचे तर या दराने या, असे म्हटले. महापौर डेली यांनी सप्टेंबरमध्ये तो ठराव नकाराधिकाराने मोडला. सतरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी वापरलेला तो पहिला नकाराधिकार. कंपनीला नुसत्या मोर्चापेक्षा मजुरीचा आकडा जास्त झोंबतो, हे त्यावरून कळावे.

ते हरले, हे खरे. पण 1928 च्या बाबासाहेबांची आणि शिकागोच्या त्या ठरावाची रीत एकच आहे. दुसऱ्याने पुकारलेल्या लढाईत उतरण्याआधी आपले कलम यादीत घालून घ्यायचे. आणि कलम मान्य झाल्यावर मात्र अर्ध्या मनाने नव्हे, पूर्ण ताकदीने उतरायचे. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू बाबासाहेबांनी सांगितले आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरला. आपल्याकडे काहीजण पहिला शत्रू तेवढा लक्षात ठेवतात, काही दुसराच तेवढा. सोयीप्रमाणे.

आम्ही व्यापारी संघटनेला लेखी उत्तर दिले. त्यातले मुद्दे सांगतो. पथारीवाल्यांविरुद्धचा अर्ज आधी मागे घ्या, तोही नगरपरिषदेच्या शिक्क्यानिशी. 2014 चा पथविक्रेता कायदा गावात लागू करा ही मागणी मोर्चाच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर घ्या. हा कायदा आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा बसून वाचायलाच हवा. विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे वाटली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. हलवायचे तर 30 दिवसांची नोटीस लागते. शहर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा खुद्द विक्रेत्यांच्या प्रतिनिधींच्या, त्यात एक तृतीयांश महिला, आणि अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व. पिढ्यान्‌पिढ्या भरत आलेल्या बाजाराला कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो आणि त्याचा विचार करावा लागतो. आमच्या मुख्याधिकाऱ्यांना ही समिती स्थापन झाली आहे का विचारले, तर त्यांनी लिपिकाकडे पाहिले आणि लिपिकाने पंख्याकडे.

तिसरा मुद्दा त्यांना सर्वात जास्त लागला. तुमच्या दुकानांतल्या नोकरांना किमान वेतन द्या. मॉल कामगाराला पिळतो म्हणता, ते खरेच आहे, पण तुमच्या पेढीवर सकाळी नऊ ते रात्री नऊ राबणाऱ्या पोराला काय मिळते? महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो. म्हणजे कामाचे तास, सुट्ट्या यांचे संरक्षण लहान दुकानातल्या पोराला नाही. पण किमान वेतनाला अशा संख्येची अट नाही. "मग आम्हाला परवडेल कसं?" असा फोन लगेच आला. हेच वाक्य कंपनीही बोलते, शेठ.

कंपनीला आणि नगरपरिषदेला वेगळे पत्र आहे. दुकानाची जागा शहराच्या विकास आराखड्यात भाजी मंडईसाठी आरक्षित होती असे आमच्या हाती आलेल्या नकाशावरून दिसते. (जमिनीचे आरक्षण उठवताना गुणवत्तेचा मुद्दा कुणी काढत नाही, हेही सहज जाता जाता.) असे आरक्षण बदलायचे तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 प्रमाणे जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस कधी निघाली, हरकतींना महिना मिळाला का, सुनावणी झाली का, याची माहिती अधिकारात नक्कल मागितली आहे. बदल रीतसर झाला असेल तर त्या मंडईच्या बदल्यात भाजीवाल्या बायांना पक्के ओटे कुठे, हा प्रश्न. झाला नसेल तर बांधकामच बेकायदा. आणि दुकान उभे राहिलेच तर सफाई आणि हमालीची कामे कंत्राटदाराकडे न देता थेट नेमणूक, गोडाऊनच्या हमालांची माथाडी मंडळात नोंद आणि गल्ल्यावरच्या भरतीची जाहिरात उघड, हे आम्ही कंपनीकडून लेखी मागतो आहोत. माथाडी कायदा याच महाराष्ट्रात 1969 साली झाला, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून. नव्या दुकानाला तो ठाऊक नसेल तर ठाऊक करून देऊ.

आमच्यातले काही ज्येष्ठ म्हणतात की इतक्या अटी घालाल तर दोन्ही बाजूंनी तुटाल. व्यापारी म्हणतील मॉलवाल्यांनी विकत घेतले, मॉलवाले म्हणतील व्यापाऱ्यांची सुपारी घेतली. दोन्ही आरोप सुरू झाले आहेत, एकाच आठवड्यात. दोन्ही सुपाऱ्या एकदम घेतल्या असत्या तर विहाराचा पत्रा तरी बदलला असता.

व्यापारी संघटनेने अजून लेखी उत्तर दिलेले नाही. बंदची तारीख पुढे ढकलली आहे, एवढे कळते. पण त्या उत्तराची वाट पाहत आम्ही बसलेलो नाही. येत्या बाजारच्या दिवशी सकाळी सहापासून आमची पोरं मैदानात पथारीवाल्यांची नोंद घेणार आहेत. नाव, काय विकतो, किती वर्षांपासून, किती फूट जागा, बाजार पावतीच्या जुन्या पोचा कुणाकडे आहेत. मॉल येऊ द्या म्हणणारी पोरंच यात पुढे आहेत. मावशीकडे 1996 सालापासूनच्या पावत्या निघाल्या, बोंबलाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या. वासामुळे झेरॉक्सवाल्याने आधी कुरकुर केली, मग दोन प्रती काढून दिल्या.

जय भीम.